रेस बघायची, तर रिचार्ज मारा

५ मार्च २०२३, रविवार. भारतात रात्रीचे साडेआठ वाजले होते. बहारीनच्या साखीर सर्किटवर वीस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, पाच लाल दिवे एकेक करून लागले, एकदम विझले आणि फॉर्म्युला वनचा नवा हंगाम सुरू झाला. त्या वेळी पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरी, टिंगरेनगर, कळस अशा कुठल्याही दिशेला नजर टाकली असती, तरी गच्च्यांवरच्या डिश आणि खांबाखांबांवरून ओढलेल्या केबलच्या काळ्या वायरी दिसल्या असत्या. टीव्ही नसलेले घर शोधूनच काढावे लागले असते. पण यातल्या एकाही टीव्हीच्या चॅनेलवर ती शर्यत लागत नव्हती, अगदी सगळ्यांत महागडे पॅकेज घेतलेल्या घरातसुद्धा नाही.

स्टार स्पोर्ट्सचा करार २०२२ च्या अखेरीस संपला होता. त्याची जागा घ्यायला दुसरे कुठलेही टीव्ही चॅनेल पुढे आले नव्हते. हंगामाच्या तोंडावर फॉर्म्युला वनने ‘एफ वन टीव्ही प्रो’ ही स्वतःची सशुल्क सेवा भारतात सुरू केली. आता ज्याला शर्यत बघायची असेल त्याने मोबाईल किंवा लॅपटॉप उघडायचा, खाते काढायचे, कार्डाचा नंबर टाकायचा आणि मग बघायचे. जी गोष्ट वर्षानुवर्षे महिन्याच्या केबल भाड्यात न मागता मिळत होती, तिच्यासाठी आता वेगळे बिल आले. हे एका रात्रीत घडलेले नाही. सरकारी कायदे, डिजिटल तंत्रज्ञान आणि खुद्द शर्यतीचा स्वभाव या तिन्हींनी मिळून दहा वर्षांत प्रेक्षकाला इथवर आणून ठेवले.

पुण्यासारख्या शहरात ही गोष्ट जरा जास्त लागते. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन, शिवाय या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स. विश्रांतवाडी, धानोरी, दिघी हा आळंदी रस्त्याचा पट्टा या औद्योगिक भागाला लागूनच आहे. कारखान्यात इंजिनाशी, गिअरबॉक्सशी, टायरशी रोजचा संबंध असलेली माणसे या शहरात घरोघरी आहेत. रविवारी टीव्हीवर तीनशे किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी दिसली, की या घरांत ‘सस्पेन्शन कसे बसवले असेल’ इथपासून चर्चा सुरू होते.

या नात्याचे दाखलेही भक्कम आहेत. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तिथे पोचलेला तो पहिला भारतीय आणि त्याच्या पाठीशी टाटा समूह उभा होता. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत बजाजने २००७ पासून भांडवल घालायला सुरुवात केली आणि २०१२ पासून ड्यूक ही तिची मोटरसायकल चाकणच्या कारखान्यातून भारतीय बाजारात येऊ लागली. त्याच केटीएमने ९ ऑगस्ट २०२० रोजी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथे ब्रॅड बाइंडरच्या हातून मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या मुख्य गटातली आपली पहिली शर्यत जिंकली. २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. त्याच वर्षी पुण्याच्या डायना पंडोले या दोन मुलांच्या आईने राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटात अजिंक्यपद मिळवले. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. थोडक्यात, पुण्यात या खेळाला प्रेक्षक नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. प्रश्न त्या प्रेक्षकाने बघायचे कुठे आणि किती पैसे मोजून, एवढाच आहे.

आधी जुन्या व्यवस्थेकडे पाहू. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. १९९६ मध्ये ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स यांनी आशियासाठी एकत्र संसार थाटला. सिंगापूरहून चालणाऱ्या त्यांच्या प्रक्षेपणात रविवारची फॉर्म्युला वन ठरलेली असे. स्टीव्ह स्लेटरचा चढत जाणारा आवाज, सोबत आधी ख्रिस गुडविन आणि पुढे मलेशियाचा माजी ड्रायव्हर अ‍ॅलेक्स युंग ही नावे त्या काळच्या भारतीय चाहत्याला आजही पाठ असतात. युरोपातल्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होत. दुपारची झोप झालेली, चहा झालेला, बाहेर ऊन उतरलेले, आणि टीव्ही मोकळा. घरातल्या एकाने शर्यत लावली की उरलेलेही नाइलाजाने दोन-चार फेऱ्या बघत आणि त्यांतला एखादा कायमचा अडकत असे.

अमेरिका खंडातल्या शर्यती मात्र रात्री जागवत. १९ जून २००५ ची इंडियानापोलिसची शर्यत मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू झाली. टायरच्या सुरक्षिततेवरून मिशेलिनचे टायर लावलेल्या १४ गाड्यांनी माघार घेतली, मैदानात सहाच उरल्या आणि कार्तिकेयन चौथा येऊन पाच गुण घेऊन गेला. २ नोव्हेंबर २००८ ला ब्राझीलमध्ये शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणांवर लुईस हॅमिल्टनने टिमो ग्लॉकला मागे टाकले आणि एका गुणाने विश्वविजेतेपद खेचले, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून सोमवार लागला होता. प्रतिस्पर्धी फेलिपे मासाच्या कुटुंबाने जल्लोष सुरू केलेला, आणि काही सेकंदांत तो विरलेला, हे भारतात लोकांनी साध्या केबलवर, एकही जादा रुपया न देता पाहिले.

एकही जादा रुपया न देता, पण फुकट नव्हे. या फरकातच सगळे अर्थकारण दडलेले आहे. केबलवाला महिन्याला घरटी एक ठोक रक्कम घेई. त्यात मालिका, बातम्या, सिनेमे, क्रिकेट आणि कोपऱ्यात कुठेतरी मोटर रेसिंग असे सगळेच असे. समजा, शंभर घरांपैकी पाच घरांत रेसचे वेड आहे आणि क्रीडा चॅनेलला प्रत्येक घरामागे पाच रुपये मिळतात, तर चॅनेलच्या हातात पाचशे रुपये पडले. हेच पाचशे फक्त त्या पाच घरांकडून घ्यायचे ठरवले, तर दर घराला शंभर रुपये मोजावे लागतील. सोसायटीत तळमजल्यावरचा रहिवासीही लिफ्टच्या देखभालीचा वाटा देतो, म्हणून सातव्या मजल्यावरच्याला लिफ्ट स्वस्तात पडते. इथेही तेच चालले होते. मालिका बघणारी पंचाण्णव घरे, आपल्याला नकळत, पाच घरांच्या शर्यतीचे पैसे भरत होती.

ही व्यवस्था टिकली, कारण जुन्या अ‍ॅनालॉग वायरीत एखादे चॅनेल एका घराला द्यायचे आणि शेजारच्याला नाही, हे जवळपास अशक्य होते. वायर घरात आली की वायरीतले सारे काही घरात आले. आणखी एक गोम होती. केबलवाल्याने किती घरांना जोडणी दिली, हे त्याच्याखेरीज कुणालाच नेमके कळत नसे. शंभर घरे जोडलेली असली, तरी वर कळवताना त्यातली थोडीच दाखवली जात. चॅनेलचे पैसे बुडत आणि सरकारचा करही बुडे. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत केबलच्या दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये करमणूक शुल्क होते. कागदावर नसलेल्या जोडणीचे ते कुठून येणार?

म्हणून संसदेने डिसेंबर २०११ मध्ये केबल कायदा बदलला आणि अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई ही महानगरे होती. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती आणि त्यांत पुण्याचा समावेश होता. मुदत होती ३१ मार्च २०१३. महापालिकेच्या हद्दीत असल्याने विश्रांतवाडीलाही तीच लागू झाली. टीव्हीच्या मागच्या पिनेत थेट खुपसलेली वायर निघाली आणि मध्ये एक छोटी काळी पेटी आली, तिला सगळे सेट-टॉप बॉक्स म्हणू लागले.

या पेटीचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. डिजिटल प्रक्षेपणात चॅनेलचे चित्र आकड्यांत बदलून दाबून बसवले जाते, त्यामुळे जुन्या एका चॅनेलच्या जागेत दहा-बारा चॅनेल मावतात. शिवाय प्रत्येक चॅनेल कुलूपबंद करून पाठवता येते. कुलूप उघडणारी सांकेतिक चावी त्याच सिग्नलमधून, पण स्वतःही गुप्त स्वरूपात येते आणि दर काही सेकंदांनी बदलते. ती वाचण्याचा अधिकार पेटीतल्या कार्डाला किंवा चिपला दिलेला असतो. पैसे भरले की केबल कंपनीच्या केंद्रातून त्या पेटीच्या क्रमांकासाठी परवानगीचा संदेश निघतो, महिना संपला की परवानगी रद्द होते. ‘अहो, पैसे भरलेत, पण चॅनेल दिसत नाही,’ असा फोन केल्यावर पलीकडून ‘बॉक्स चालू ठेवा, रिफ्रेश मारतो’ असे उत्तर येते, तेव्हा हाच संदेश पुन्हा धाडला जात असतो. या पेटीमुळे पुण्याच्या केबलवर पहिल्यांदा कुठल्या घरात कुठले चॅनेल पोचते हे चॅनेलवाल्याला कळू लागले. जे मोजता येते त्याचे वेगळे पैसे लावता येतात, हे ओघाने आलेच.

योगायोग असा, की भारतात फॉर्म्युला वन आली ती याच संक्रमणाच्या काळात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली इंडियन ग्रां प्री झाली. पुणेकरांनी ती आणि पुढच्या वर्षीची शर्यत जुन्या वायरीवर पाहिली, आणि २७ ऑक्टोबर २०१३ ची तिसरी नव्या पेटीवर. तिन्ही वर्षी सेबॅस्टियन व्हेटेलच जिंकला आणि तिसऱ्या खेपेला तर त्याने तिथेच आपले चौथे विश्वविजेतेपद पक्के केले. त्यानंतर शर्यत भारतात आलीच नाही. उत्तर प्रदेशात तिला खेळ मानायचे की करमणूक, यावरून कराचा वाद झाला होता. प्राप्तिकराचा दावा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फॉर्म्युला वनला भारतात मिळालेल्या उत्पन्नावर कर द्यावा लागेल, असा निकाल एप्रिल २०१७ मध्ये लागला. मैदान गेले तसे नव्या प्रेक्षकाला खेचणारे एक मोठे निमित्तही गेले.

इथे एक साधा प्रश्न पडतो. क्रिकेट जाहिरातींवर बक्कळ कमावते, मग रेसिंगला वर्गणीच का लागते? उत्तर शर्यतीच्या घडणीत आहे. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव धरून चाळीस षटके. प्रत्येक षटकानंतर क्षेत्ररक्षक जागा बदलतात, विकेट पडली की नवा फलंदाज चालत येतो, आयपीएलमध्ये वर आणखी ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’. जाहिरात घुसवायला जागाच जागा. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची, आणि अपघात होऊन थांबवली नाही तर अखंड चालणारी. दीड-पावणेदोन तासांत विश्रांती म्हणून नाहीच. जाहिरात दाखवायची तर शर्यतीचा तुकडा कापूनच दाखवावी लागते.

हा तुकडा नेमका कुठला कापला जाईल, याचा भरवसा नसतो. २००५ च्या सान मारिनो ग्रां प्रीत फर्नांडो अलोन्सोच्या मागे मायकेल शूमाकर अक्षरशः चिकटून धावत होता. शेवटच्या मोजक्या फेऱ्या उरल्या असताना ब्रिटनच्या आयटीव्हीने जाहिराती लावल्या. प्रेक्षक इतके खवळले, की वाहिनीला माफी मागावी लागली आणि नियामकानेही ठपका ठेवला. आशियाई प्रक्षेपण बघणाऱ्यांनाही हा त्रास नवा नव्हता. ब्रेक संपून परत यावे तर पुढची गाडी मागे गेलेली असे आणि मधले पिट स्टॉप हुकलेले. म्हणजे वर्गणीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: पैसे घ्या, पण शर्यत अखंड दाखवा.

ही कल्पना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात अजमावली ती बर्नी एक्लस्टन यांनी. फॉर्म्युला वनचा कारभार त्या वेळी त्यांच्या हातात होता. १९९६ च्या जर्मन ग्रां प्रीपासून त्यांनी वर्गणीदारांसाठी वेगळे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. मुख्य चित्र, गाडीवरचे कॅमेरे, पिट लेन, वेळांचा तक्ता, यांतले हवे ते प्रेक्षकाने रिमोटवर निवडायचे. तंत्र काळाच्या कितीतरी पुढे होते, ग्राहक मात्र पुरेसे मिळाले नाहीत. ब्रिटनमध्ये २००२ साली एका शर्यतीला १२ पौंड लावले, आणि तीच शर्यत शेजारच्या मोफत वाहिनीवर लागत होती. पैसे कोण भरणार? त्याच वर्षी या व्यवसायातला जर्मन भागीदार, किर्श समूह, दिवाळखोरीत गेला आणि हंगामाअखेर ते प्रक्षेपण गुंडाळले गेले. या फसलेल्या प्रयोगातून उद्योगाने घेतलेला धडा असा, की सशुल्क टीव्ही चालवायचा असेल तर फुकटचा दरवाजा आधी बंद करावा लागतो.

पुढे तसेच झाले. ब्रिटनमध्ये २०१२ पासून बीबीसी आणि स्काय यांनी शर्यती वाटून घेतल्या. बीबीसीवर निम्म्या थेट दिसत, स्कायवर सगळ्या. २०१६ मध्ये बीबीसी बाहेर पडली, तिच्या जागी चॅनेल फोर आले आणि २०१९ पासून बहुतेक सगळे थेट प्रक्षेपण एकट्या स्कायकडे गेले. जर्मनीत आरटीएलने १९९१ पासून, म्हणजे शूमाकरच्या पदार्पणाच्या वर्षापासून, तीस वर्षे शर्यती मोफत दाखवल्या. २०२१ पासून तिथेही बहुतेक शर्यती एकट्या स्कायकडे गेल्या. गाडीवर नाव रंगवणाऱ्या प्रायोजकाला जास्तीत जास्त डोळे हवे असतात, तर प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्याला जास्तीत जास्त रक्कम. संघांना दोन्हीकडून पैसा मिळतो, म्हणून तेही या ओढाताणीत मधोमध उभे असतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने फॉर्म्युला वन विकत घेतली. एक्लस्टन यांच्या काळात इंटरनेटवर शर्यतीचे तुकडेही फारसे दिसू दिले जात नसत, ते लिबर्टीने खुले केले. नेटफ्लिक्सवर मार्च २०१९ मध्ये ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही मालिका आली आणि आयुष्यात कधी शर्यत न बघितलेले लोक ड्रायव्हरांची भांडणे बघता बघता शर्यतीकडे वळले. गंमत अशी, की प्रेक्षक जोडणारी ही मालिकासुद्धा वर्गणी भरणाऱ्यांनाच दिसत होती.

भारतात दरवाजा हळूहळू बंद होत गेला. २०१६ मध्ये स्टारने परदेशी खेळांसाठी ‘सिलेक्ट’ नावाची वेगळी चॅनेले काढली आणि फॉर्म्युला वन तिकडे सरकली. त्यानंतर १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामकाची नवी दरपद्धत लागू झाली. ठोक भाडे गेले, प्रत्येक चॅनेलला छापील किंमत आली. त्या दिवसांत केबलवाले घरोघरी चॅनेलच्या छापील याद्या देऊन गेले. हव्या त्या नावापुढे टिक करायची आणि खाली बेरीज मांडायची. पहिल्या शंभर चॅनेलच्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पुढे प्रत्येक सशुल्क चॅनेलचे वेगळे. १९ रुपयांचे एक चॅनेल करासकट २२ रुपये ४२ पैशांना पडे. एचडीची किंमत पुन्हा निराळी. आकडे लहान, पण ते पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांसमोर आले. ‘महिन्यातून दोन रविवार बघायच्या चॅनेलला वर्षभर पैसे कशाला?’ हा प्रश्न अनेक घरांत त्या यादीनेच विचारायला लावला. ज्याला शर्यतीचे वेड होते त्याने टिक केली. ज्याला सहज जाता जाता बघायची सवय होती त्याने केली नाही. सहज बघणारा प्रेक्षक गळाला तो इथे.

आणि मग आले २०२३. त्या वर्षीची विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ५ मार्चला फॉर्म्युला वन टीव्हीवरून नाहीशी झाली, आणि ३१ मार्चला सुरू झालेली आयपीएल जिओसिनेमाने मोबाईलवर चक्क फुकट दाखवली. देशातला सगळ्यांत महाग खेळ मोफत आणि मूठभरांचा खेळ सशुल्क, असे उलटे चित्र उभे राहिले. हिशेब मात्र सरळ होता. क्रिकेटचा प्रेक्षक कोट्यवधींचा, त्याच्या नजरेची किंमत जाहिरातदार देतो आणि कंपनीला त्याच्याकडून पुढे दुसरे काही विकायचे असते. शर्यतीचा प्रेक्षक थोडा, म्हणून त्याच्या आवडीची किंमत त्यालाच द्यावी लागते. सप्टेंबरमध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली, मार्को बेझेक्की जिंकला. ती शर्यत जिओसिनेमावर दिसली. पण मोटोजीपीही पुढे एका घरी टिकली नाही. हक्क या हातातून त्या हातात जात राहिले आणि चाहत्याला दर हंगामाला नवा पत्ता शोधावा लागला.

२०२४ आणि २०२५ या हंगामांसाठी फॉर्म्युला वनचे भारतातले हक्क फॅनकोडने घेतले. मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सचे हे अ‍ॅप. त्याने पूर्ण हंगामाच्या पासबरोबर एकेका शर्यतीचा पासही विकायला काढला, आणि हे भारतीय खिशाला मानवणारे होते. यूपीआयने पैसे भरा, शर्यत बघा, पुढच्या वेळी नको असेल तर सोडा. त्या दोन्ही वर्षी २४-२४ शर्यती, त्यातल्या काही भल्या सकाळी तर काही मध्यरात्रीनंतर. सगळ्या बघणे नोकरदाराला जमत नाही, म्हणून निवडून घेणे त्याला परवडते. इथेही जुना हिशेब थोडा शिल्लक होता. ड्रीम स्पोर्ट्सचे बहुतांश उत्पन्न ड्रीम इलेव्हनमधून, म्हणजे मुख्यतः क्रिकेटवरच्या पैशाच्या खेळातून येत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन खेळ बंद केले आणि तो झरा आटला.

वर्गणीने प्रेक्षकाला काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. सराव, पात्रता फेरी, स्प्रिंट आणि मुख्य शर्यत असे शुक्रवार ते रविवार सगळे मिळते. हुकलेली शर्यत दुसऱ्या दिवशी निवांत बघता येते. ‘एफ वन टीव्ही’ने तर प्रत्येक गाडीवरचा कॅमेरा आणि ड्रायव्हर-इंजिनिअरचे रेडिओवरचे संभाषण खुले केले, म्हणजे एक्लस्टन यांचे फसलेले स्वप्न वीस वर्षांनी खरे झाले. टायर कधी बदलायचे यावरची घासाघीस ज्याला थेट ऐकायची आहे, त्याच्यासाठी हा सुवर्णकाळ आहे.

तोटे दुसऱ्या बाजूला जमा होतात. इंटरनेटवरचे चित्र सर्व्हरमधून तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणून ते प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असते. ओव्हरटेक पडद्यावर दिसण्याआधीच ग्रुपवर ‘गेला रे!’ असा मेसेज पडतो. आजोबांना टीव्हीच्या रिमोटवर चॅनेल लावता येते, पण ओटीपी आणि पासवर्ड त्यांच्या आवाक्यात नसतो. हॉलमधली शर्यत एका मुलाच्या मोबाईलमध्ये, हेडफोनसकट, बंद होते. धाकट्या बहिणीला ती दिसतच नाही, त्यामुळे आवडायचा प्रश्नच येत नाही. पैसे भरणारा चाहता पूर्वीपेक्षा जास्त जाणकार झाला आहे, आणि नवा चाहता घडण्याची वाट पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे.

पुणे जिल्ह्यातच याच्या उलट नमुना बघायला मिळतो. खेड, आंबेगाव, मावळ, शिरूर भागात यात्रेच्या घाटात बैलगाडा पळतो, सेकंदांवर नंबर ठरतो, ‘घाटाचा राजा’ जाहीर होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या शर्यती आज यूट्यूबवर थेट आणि मोफत दिसतात. खर्च आयोजक आणि गावोगावचे जाहिरातदार उचलतात. एका गाड्याची धाव, म्हणजे बारी, संपल्यावर दुसरी सुटेपर्यंत मोकळा वेळ असतो, जाहिरात तिथे आरामात बसते. शर्यत शर्यतच, पण घडण वेगळी, म्हणून पैशाची वाटही वेगळी.

मग मोठ्या शर्यती सगळ्यांना दिसाव्यात असा काही हक्क प्रेक्षकाला आहे का? हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच सांगितले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. पण हे बंधन सरकारने अधिसूचित केलेल्या स्पर्धांपुरतेच आहे, आणि त्यांत क्रिकेट, हॉकी, ऑलिंपिक अशी नावे आहेत, मोटर शर्यत नाही. ब्रिटनच्या अशाच यादीत घोड्यांची ग्रँड नॅशनल आणि डर्बी आहे, ब्रिटिश ग्रां प्री मात्र नाही. कायद्याकडून फार आशा ठेवण्यात अर्थ नाही.

आशा आहे ती व्यवहाराकडून. ब्रिटनमध्ये स्कायकडे हक्क असूनही सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री दरवर्षी चॅनेल फोरवर मोफत थेट दिसत आली आहे. १२ डिसेंबर २०२१ ला हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन समान गुणांवर अबुधाबीत उतरले, तेव्हा स्कायने ती शर्यतही चॅनेल फोरला वाटून दिली. जर्मनीत २०२१ मध्ये आरटीएलने चार शर्यती मोफत दाखवल्या. भारतात ज्याच्या हाती हक्क असतील त्याने हंगामातल्या तीन-चार शर्यती, आपल्या संध्याकाळच्या वेळेला येणाऱ्या, डीडी स्पोर्ट्सवर किंवा आपल्याच अ‍ॅपवर सर्वांना खुल्या कराव्यात. त्यात दानधर्म नाही, पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक आहे. तोवर चाहत्याने हंगामाचे वेळापत्रक समोर ठेवावे, आपल्याला जमणाऱ्या शर्यतींवर खुणा कराव्यात, त्या निम्म्याहून कमी भरल्या तर हंगामाचा पास घेण्याआधी सुट्या पासांची बेरीज करून पाहावी, आणि रेस लावायचीच असेल तर ती हॉलमधल्या टीव्हीवर, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी लावावी.